जागं ठेवायचे खेळ

खेळ लिवून घ्यायला आलात व्हय, मास्तरीणबाई? बसा. बालवाडीतली दीड-दोन वर्साची लेकरं रडून जीव खायलीत, अन् तुमाला कुणीतरी सांगिटलं की धुरपदाबाईकडं जा, तिला लेकरं खेळवायची इद्या येती. सांगणारानं खोटं सांगिटलं न्हाय. समदे खेळ सांगते, हातचं राखून ठिवत न्हाय. पर सांगताना दुसरं बी काय निगंल, त्ये बी ऐकावं लागंल. मधी "अगंबाई", "अरेरे" करू नगा. मला त्ये सोसत न्हाय.

पयला खेळ हाताचा. लेकराचा तळवा आपल्या मांडीवर उताणा ठिवायचा. तळवा म्हंजी गोठा. त्यात बोट फिरवायचं, गाय उटली म्हणायचं. मग दोन बोटांनी चालत चालत मनगटावर यायचं, गाय निगाली पाण्याला. कोपराला आलं की थांबायचं. हितं चढ हाय, गाय दमली, गाय बसली. लेकरू आपल्या तोंडाकडं बगत ऱ्हातंय. म्होरं काय हाय त्ये तेला ठावं असतंय, तरी दम धरून बसतंय. अन् मग एकदम वर पळायचं, खाकंत झरा घावला! लेकरू खदखदा हसतंय. धा डाव करा, धाबी डाव तितकंच हसतंय. गंमत समदी कोपराला थांबण्यात हाय. नवशिक्या बाया थेट खाकंत हात घालतेत. त्या नुसत्या गुदगुल्या झाल्या, खेळ न्हवं. लिवलंत? बरं.

ह्यो खेळ मला कुणी शिकवला न्हाय, माजा म्या काढला. उमरग्याच्या अलीकडं, सडकंवर. तवा निजामाचं राज व्हतं अन् जर्मनची लढाई चालू व्हती. सोलापूर-हैद्राबाद सडकंवरनं मिल्ट्रीच्या मोटारी सारख्या जायच्या, सडक उखडायची. ठेकेदारानं अकरा बाया खडी फोडायला लावल्या व्हत्या. उन्हाळ्याचं दिस, ऊन मी म्हणायचं. माजा उजवा हात मनगटात मोडून वाकडा बसल्याला, हातुडी धरवत न्हवती. मुकादम म्हणला, तू बाभळीखाली बस अन् बायांची लेकरं संबाळ. सात लेकरं व्हती, सा म्हयन्यापासनं दोन वर्सापतूरची. दुपारी परतेक लेकरवाळी मला चतकोर-अर्दी भाकरी द्यायची, तेच्यावर माजं पोट चालायचं.

मुकादमाचं नाव महारुद्र. माणूस वाईट न्हवता, भित्रा व्हता. ठेकेदाराला भ्यायचा अन् ती भीती आमच्यावर काढायचा. तेचा कायदा असा, दिवस उगवल्यापासनं मावळंपतूर बाईनं हातुडी सोडायची न्हाय. दुपारी एकदा उटायचं, लेकराला पाजायचं, भाकरी खायाची. लेकरू रडलं म्हणून बाई आणिक उटली की तिची जागा गेली. जागा मागणाऱ्या धा बाया पलीकडं लिंबाखाली बसूनच असायच्या. त्या साली कुणाच्याच घरी दाणा न्हवता.

म्हणून मी यायच्या आदी बाया लेकरास्नी अफू द्यायच्या. डोळं मोठं करू नगा. तवा अफूचं दुकान बाजारात भर रस्त्यावर व्हतं, सरकारच्या परवान्याचं. गरिबाच्या घरात गूळ नसंल, पर अफूची गोळी चिंधीत बांधून ठिवल्याली असायची. करंगळीच्या नखात मोहरीयेवढी घ्यायची, लेकराच्या जिबंला लावायची, लेकरू दिवस मावळंपतूर गप. रडणं न्हाय, वढणं न्हाय. कामावरच्या समद्या बाया द्यायच्या. तेच्यात काय वावगं हाय असं कुणाला वाटतच न्हवतं.

म्या पयल्याच दिवशी सांगिटलं, अफू दिलेलं लेकरू माज्या झाडाखाली चालणार न्हाय. सकाळी लेकरू देताना परतेक बाईनं दोनी हात म्होरं करायचे, मी नखं बगणार. नखात काळं दिसलं की लेकरू परत. वरनं शपथ. मी येरमाळ्याकडची, बायास्नी येडाईदेवीच्या भंडाऱ्याची शपथ घ्यायला लावायची. कुणी म्हणायचं, "धुरपदाक्का, एवढं का गं तुजं? आमच्या आया देत आल्या, आमी मेलाव का?" म्या कारण कदी सांगिटलं न्हाय. "राक्षशिणींनो, पोटचं लेकरू अन् तेला इख पाजता?" म्हणून तोंडाचा पट्टा सोडायची. भांडायला मला कारण लागत न्हाय. कारण सांगायला मातुर छाती लागती, अन् ती माज्याकडं न्हवती.

अफू न्हाय म्हणलं की मग खेळ लागतेत. सात लेकरं, वरनं ऊन, म्होरं आया दिसायल्यात, अन् एकानं बी रडायचं न्हाय. करून बगा. चार दिसांत माज्या डोस्क्यातनं एक एक खेळ निगत गेला.

दुसरा खेळ लिवा. भुईमुगाच्या शेंगंचं टोक दाबलं की ती चोचीवानी उघडती. ती चोच कानाच्या पाळीला लावली की डूल झाले. लेकराच्या न्हाय, आपल्याच कानाला लावायचे, अन् मान हलवायची. लेकरू डूल वढाय येतंय, आपण मान मागं घ्यायची. शेंग तेच्या हातात मातुर द्यायची न्हाय, दाणा नरड्यात जातोय. तिसरा पोत्याचा. लेकराला पाठीवर घ्यायचं अन् वराडत फिरायचं, ज्वारीचं पोतं घ्या कुणी, ज्वारीचं पोतं! दुसरीनं म्हणायचं, बगू, किडकी हाय का? अन् पोत्याला हळूच चिमटा काढायचा. चौथा रुईच्या म्हाताऱ्यांचा. रुईचं बोंड फोडून आतली पांढरी म्हातारी फुंकरीनं वर सोडायची, लेकरू तिच्या मागं रांगतंय. पाचवा पाण्याचा. बोटं घागरीत बुडवून एक थेंब नाकावर, एक थेंब कपाळावर. लेकरू डोळं मिटतंय, म्होरचा थेंब कुटं पडंल त्येची वाट बगतंय.

बाया हातुडी मारता मारता वळून बगायच्या अन् हसायच्या. मुकादम म्हणायचा, "धुरपदाबाई, तू लेकरावर जादू करतीस काय गं?" मला लई फुगल्यावानी व्हायचं. खोटं कशाला बोलू, मला त्या खेळाचा गर्व झालता.

आता रुद्रम्माचं सांगते. कामावर सगळ्यात ल्हान बाई, इसेक वर्साची. उमरग्याच्या पलीकडची, लिंगायताची. बोलायची मराठी पर लेकराशी कानडी. नवरा सोलापूरच्या गिरणीत जातो म्हणून गेला त्यो वर्सात फिरकला न्हवता. लेकराचं नाव सिद्धलिंग, आमी सिदू म्हणायचाव. दीड वर्साचा, चार दात, पाय जरा फेंगडे. गुणाचं लेकरू व्हतं. पर आई दिसली की रडायचं, अन् खडीच्या ढिगावरनं आई दिवसभर दिसायची. दुसऱ्या बाया पाठमोऱ्या बसायच्या. रुद्रम्माला राहवायचं न्हाय, ती सारकी वळून बगायची.

तिला भंडाऱ्याची शपथ चालत न्हवती, म्हणून तिला गळ्यातल्या लिंगावर हात ठिवायला लावला व्हता. तिनं ठिवला. त्या दिवशी तिनं खऱ्या मनानं ठिवला व्हता, त्ये मी आजबी सांगते.

मग दाढा याया लागल्या अन् सिदूची किरकिर सुरू झाली. एका दिवशी त्यो तीनदा रडला. रुद्रम्मा दोनदा उटून आली. संद्याकाळी मुकादम तिला म्हणला, "बाई, आज सोडून दिलं. उद्या उटलीस तर परवा येऊ नगंस." तेवढ्यावर भागलं असतं. पर मला कुठं गप बसवतंय! मी बी तिलाच बोलले. "सा लेकरं खेळतेत, तुजंच एक भोंगा काढतंय. तू वळून बगतीस म्हणून रडतंय. चार बायांत माजं नाव घालवायलीस." तिनं पदरानं सिदूचं नाक पुसलं, तेला कडंवर घेतलं अन् गेली. तिच्या मनात काय चाललंय त्ये मला दिसाय पायजे व्हतं. मी माज्याच रागात व्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हात म्होरं केले. नखं साफ, दगडावर घासल्यावानी. म्या म्हणलं, बरं. सिदू माज्याकडं आला तवा जड लागला, मान खांद्यावर टाकली. म्या इचारलं, "काय गं, ह्येचं अंग का असं?" ती म्हणली, "रातभर दाढा ठणकल्या अक्का, झोपला न्हाय." लेकराला दाढा येताना असंच व्हतंय. म्या मानलं.

माजी एक रीत व्हती. सकाळी लेकराला झोपू द्यायचं न्हाय. सकाळी झोपलेलं लेकरू दुपारी ऐन उन्हाच्या भरात उटतंय अन् मग कशानं बी गप बसत न्हाय. दुपारपतूर खेळवायचं, आईनं पाजलं की झोपवायचं, मग दिवस कलंपतूर चिंता न्हाय. सिदू पेंगायला लागला की मी तेला उटवायची. त्यो नाक खाजवायचा, डोळं मिटायचा, मी गाय पाण्याला न्यायची. मांडीवर पडायला बगायचा, मी कानातले डूल हलवायची. घागरीतलं पाणी तोंडावर शिंपडलं. पाठीवर घेऊन बाभळीभवती पोतं इकलं. अन् त्यो हसायला लागला, मास्तरीणबाई! रोजच्यापेक्षा उशिरानं हसायचा, पर हसायचा. एकदा बी रडला न्हाय. म्या मनात म्हणलं, बग मुकादमा, बग रुद्रम्मे, धुरपदा काय चीज हाय ती.

दुपारी रुद्रम्मा पाजायला आली. सिदू माज्या पायावर झुलत व्हता, माजी बोटं तेच्या कोपरापतूर आली व्हती, अन् त्यो तोंड उघडून वाट बगत व्हता. ती बगून जागीच थबकली. मला वाटलं, खूश झाली. म्या फुशारकीनं म्हणलं, "बग, सकाळपासनं डोळा मिटला न्हाय तेनं. टिपूस न्हाय डोळ्यातनं. ह्येला म्हंतेत खेळवणं." तिचं तोंड उतरलं. मला त्ये बी दिसलं, अन् म्या तेचा अर्थ असा लावला की काल बोलले त्याचा राग हाय.

ती सिदूला घेऊन झाडाच्या पलीकडं गेली, माज्याकडं पाठ करून बसली, पदर वढला अन् पाजलं. रोजच्यापेक्षा जरा येळ लागला. मग लेकरू माज्या मांडीवर दिलं अन् हातुडी उचलायला गेली.

सा लेकरं घोंगडीवर वळीनं झोपली. सिदूला झोपवायला घेतलं तर त्यो आदीच झोपलेला. म्या म्हणलं, सकाळपासनं दमला. घोंगडीवर ठिवताना तेचा हात माज्या हाताला लागला, तर गार. त्या उन्हात, तव्यावर उभं ऱ्हाल्यावानी आमी उभ्या, अन् लेकराच्या कपाळावर गार घाम. म्या तेची पापणी वर केली. डोळ्यातला काळा ठिपका राळ्याच्या बारक्या दाण्यायेवढा झालता. व्हट निळसर. छाती वर गेली अन् खाली यायला इतका येळ लागला की मी मोजत बसले.

मला कुणी सांगायची गरज न्हवती. म्या ह्ये आदी बगितलं व्हतं. माजी सखू. मी शेंगा काडायला जायची, सखू नऊ म्हयन्याची. माज्या करंगळीच्या नखातनं, माज्याच हातानं. एक दिवस ती लई झोपली. मला वाटलं, आज चांगली झोप लागली पोरीला, म्या आणिक झोका दिला. दिवसभर झोका देत बसले. संद्याकाळी उचलली तवा कळलं. त्ये म्या गावात कुणाला सांगिटलं न्हाय, नवऱ्याला सांगिटलं न्हाय. त्या अकरा बायास्नी सांगिटलं असतं, नुसत्या शिव्या न देता माज्या सखूचं सांगिटलं असतं, तर रुद्रम्मा भ्याली असती अन् तिनं अफूला हात लावला नसता. माजी लाज मला जास्त झाली.

मी वराडले, "रुद्रम्मे!" ती उटली. मुकादम धावला, "ए, बस खाली! काल काय सांगिटलं तुला?" ती खाली बसली. मी सिदूला उचलून तसंच खडीवर गेले अन् तिच्या म्होरं उभी ऱ्हाले. "काय दिलंस तेला?"

"काय बी न्हाय."

"खरं सांग."

"न्हाय अक्का. नखं बगितलीस न्हवं तू?" ती बोलत माज्याशी व्हती अन् बगत मुकादमाकडं व्हती.

"मग ठिव लिंगावर हात."

तिचा हात वर आला. गळ्यातल्या लिंगापतूर आला अन् थांबला. म्होरं जाईना. समद्या बायांच्या हातुड्या थांबल्या व्हत्या. तिनं हात खाली घेतला अन् तिथंच खडीत बसून कपाळावर मारून घ्यायला लागली. "छातीला लावून दिली. नखं तू बगतीस, म्हणून छातीला लावली. आत्ता, दुपारी. मोहरीयेवढी."

"किती डाव?"

"एकदाच, अक्का. एकदाच."

म्या पुन्ना शपथ घ्यायला लावली न्हाय. मोहरीयेवढी, अन् एकदाच. म्या मनात हिसाब केला, एवढ्यानं लेकरू जात न्हाय, झोपू दिलं न्हाय तर वाचतंय. झोपलं की दम घ्यायचं इसरतंय, जागं असलं की इसरत न्हाय. मला तसल्ली वाटली, खरंच. जागं ठिवायचं काम माजंच तर व्हतं.

अन् मुकादमाचं बगा. तिला हाकलंल असं वाटलं व्हतं. त्यो सिदूकडं बगून पांढरा पडला. तेनं सायकल काढली अन् उमरग्याला डाक्टर आणायला गेला. चार कोस. जाताना म्हणला, "धुरपदाबाई, मी येईपतूर झोपू देऊ नगंस." एक मिल्ट्रीची मोटार गेली, बायांनी सडकंवर आडवं व्हऊन हात केले, ती कडंनं धुरळा उडवत निगून गेली.

मिठाचं पाणी पाजलं, नरड्यात बोट घातलं. थोडं दूध पडलं. तोंडावर घागर वतली. सिदूनं डोळं उघडले अन् रडायला तोंड वाकडं केलं. म्या देवाला म्हणलं, रडू दे. आयुष्यात पयल्यांदा म्या लेकरानं रडावं म्हणून वाट बगितली. त्यो रडला न्हाय. पुन्ना डोळं मिटले.

मग आमी खेळायला लागलाव. रुद्रम्माच्या मांडीवर त्यो, म्होरं मी. गाय उटली, गाय निगाली पाण्याला. कोपराला थांबले तर तेनं डोळं किलकिले करून माज्याकडं बगितलं, अन् मी म्होरं जायच्या आदीच आपला हात जरासा वर उचलला, खाक उघडी केली. मास्तरीणबाई, म्या रुद्रम्माचा दंड धरून म्हणलं, "वाचला गं! वाचला!" ती हसली. त्ये हसू म्या बगितलंय.

दुसऱ्या बाया हातुड्या टाकून आल्या. मुकादम न्हवता, असता तरी आल्या असत्या. खडीच्या धुरळ्यानं तोंडं पांढरी झालेल्या अकरा बाया अन् मदी एक लेकरू. हरणाबाई म्हणून एक थोराड बाई व्हती, रोज माज्याशी भांडायची, तिनं कानात शेंगा लावल्या अन् मान हलवत म्होरं बसली. एकीनं पिंपळाच्या पानाची पिपाणी करून कानाशी वाजवली. एकीनं रुईचं बोंड आणून म्हाताऱ्या उडवल्या, त्या सिदूच्या तोंडावर बसल्या तरी त्यो फुंकर मारंना. आमी तेला पाठीवर घेतलं. ज्वारीचं पोतं घ्या, ज्वारीचं पोतं! पाळीपाळीनं पळालाव, खडीच्या ढिगाभवती, अनवाणी. बगू, किडकी हाय का? म्हणून चिमटे काढले. आदी हळू, मग जोरात, मग रगत साकळंपतूर. तेच्या मांड्यावर डाग पडले. त्यो नुसता "हं" म्हणायचा. मग "हं" बी बारीक झाला.

रुद्रम्मा तेच्या कानाशी एकच बोलायची, "मलगब्याड कंदा, मलगब्याड." झोपू नगं लेकरा, झोपू नगं. दुपारी तीच माय त्यो झोपावा म्हणून अफू लपवून देत व्हती. म्या तिला शिव्या दिल्या न्हाईत. मला सुचल्याच न्हाईत. मी तिला सांगत व्हते, हात असा धर, कोपराला थांब, घाई करू नगं, तेला वाट बगू दे. मी तिला माजे खेळ शिकवत व्हते.

बाकीची लेकरं उटली अन् रडायला लागली, सा बी सा. त्यांच्याकडं कुणी बगितलं न्हाय. सावली बाभळीच्या पलीकडं गेली. पाणी सरलं, हरणाबाई आणिक घागर भरून आली. पुन्ना थेंब नाकावर, थेंब कपाळावर. पुन्ना गाय. रुद्रम्मा दमली की मी, मी दमले की रुद्रम्मा. एकीचा आवाज बसला की दुसरी बोलायची. आमी थांबलाव न्हाय, एवढं मी छातीवर हात ठिवून सांगते. एक पळबी थांबलाव न्हाय.

दिवस कलला तवा मुकादम आला. डाक्टर दौऱ्यावर गेल्ता, म्हणून तेनं दवाखान्यातला कंपौंडर सायकलवर मागं बसवून आणला व्हता, शांतलिंग म्हणून. दोगं बी घामानं निथळत व्हते. मी तवा सिदूच्या मनगटावरनं कोपराकडं चालले व्हते. कंपौंडरनं माजी बोटं बाजूला केली अन् त्यो हात आपल्या हातात घेतला. पापणी वर करून बगितली. छातीला कान लावला. मग आमच्या तोंडाकडं, एकेकीच्या, बगितलं.

"कितीक येळ झाला ह्येला जाऊन?" तेनं इचारलं.

कुणालाच सांगता येईना. म्या रुद्रम्माकडं बगितलं, तिनं माज्याकडं. तिच्या मांडीवर त्यो व्हता, माज्या हातात तेचा हात व्हता, अकरा बाया तेच्या तोंडाकडं बगत व्हत्या, अन् त्यो कवा गेला त्ये एकीला बी कळलं न्हवतं. कोणच्या खेळात गेला त्ये मला आजबी ठावं न्हाय. आमी तेच्याशी खेळतच ऱ्हायलाव.

रुद्रम्मा रडली न्हाय. कंपौंडरनं तिला इचारलं, किती दिलीस. ती म्हणली, मोहरीयेवढी. त्यो म्हणला, "बाई, मोहरीयेवढ्यानं एवढं चांगलं दीड वर्साचं लेकरू जात न्हाय. मी काय फौजदार न्हाय. खरं सांग."

ती हळू बोलली. "सकाळी बी दिलती. घरनं निगताना, तितकीच. लागलीच न्हाय. दुपारी येऊन बगते तर हसत व्हता. अक्का म्हणली, सकाळपासनं डोळा मिटला न्हाय. मला वाटलं, दुकानदारानं खोटी अफू दिली. म्हणून दुपारी पुन्ना दिली." मग ती माज्याकडं वळली. "अक्का, त्यो पेंगत व्हता का गं सकाळी? तू खेळवत व्हतीस म्हणून जागा व्हता का?"

तिच्या बोलण्यात राग न्हवता. राग असता तर मी दोन शब्द उलट बोलले असते, मला बोलता येतंय. ती नुसतं इचारत व्हती, तिला ठावं करून घ्यायचं व्हतं.

"व्हय," म्या म्हणलं. "पेंगत व्हता. म्याच जागा ठिवला."